ख्रिस्टी मॅथ्यूसन : हरणाऱ्या संघातील एक वर्ष

खेळाडूचे चरित्र म्हणजे त्याच्या विजयांची जंत्री, अशी एक समजूत रूढ होऊन बसली आहे. आज ज्या पुरुषाची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस करून देणार आहोत, त्याच्याही पदरी विजय थोडे नाहीत. अमेरिकेतील बेसबॉलच्या श्रेष्ठ सामन्यांत त्याच्या नावावर 373 विजय नोंदलेले आहेत. तथापि आम्हांस त्याच्या आयुष्यातील जे वर्ष सर्वांत मनोवेधक वाटते, त्या वर्षी त्याच्या संघाने 85 सामने गमावले आणि आठ संघांत सातवा क्रमांक मिळविला. ते साल 1901 होय, आणि तो खेळाडू म्हणजे न्यूयॉर्क जायंट्स या संघाचा पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून त्याची थोडी माहिती आधी देणे अवश्य आहे. दोन्ही बाजूंस नऊ-नऊ गडी असतात, आणि दोन्ही बाजू आळीपाळीने नऊ नऊ डाव खेळतात. मैदानात कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन आखलेला असतो. त्याची प्रत्येक बाजू 90 फूट. चार कोपऱ्यांवरील चार ठिकाणांस बेस म्हणतात. फलंदाजाने टोला मारून या चारही ठिकाणांना क्रमाने स्पर्श करीत मूळ जागी यावे, तेव्हा कोठे एक धाव होते. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो 60 फूट 6 इंच अंतरावरून, क्रिकेटमध्ये मना असलेल्या रीतीने, म्हणजे कोपर वाकवून, झपाट्याने चेंडू फेकतो, आणि चेंडू टप्पा न खाता फलंदाजापर्यंत येतो. फलंदाज तीन वेळा चुकला की बाद. तीन गडी बाद झाले की डाव संपला.

क्रिकेटच्या गोलंदाजास षटक संपताच विश्रांती मिळते. बेसबॉलच्या पिचरास ती नाही. त्या काळी तर सामन्याच्या पहिल्या चेंडूपासून अखेरच्या चेंडूपर्यंत बहुधा एकच मनुष्य फेकीत असे. आणि एक विलक्षण चाल अशी की, संपूर्ण संघाचा विजय किंवा पराभव या एकट्याच्या नावावर मांडला जातो. सोबत्याने सोपा झेल सोडला, दुसऱ्याने चेंडू भलतीकडे फेकला, फलंदाजांनी एक धावही काढली नाही, तरी वहीत पराभव लिहिला जातो तो पिचरच्या खाती. हा हिशेब न्यायाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु पुढील हकीकत नीट समजण्यास तो ध्यानात ठेवणे जरूर आहे.

ख्रिस्टोफर मॅथ्यूसन याचा जन्म 12 ऑगस्ट 1880 रोजी पेन्सिल्व्हेनिया संस्थानातील फॅक्टरीव्हिल या गावी झाला. नावावरून तेथे गिरण्यांचा धूर असेल असे वाटते, परंतु ते एक लहानसे खेडेच होते. आईबाप खाऊनपिऊन सुखी व धर्मशील होते. थोरल्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी आईची फार इच्छा होती. गावातील अकादमीत शिक्षण संपवून 1898 साली तो लुईसबर्ग येथील बकनेल विद्यापीठात दाखल झाला. तेथे तो फुटबॉलच्या व बेसबॉलच्या संघांत तर होताच, परंतु वाङ्मयमंडळात व गायकवृंदातही त्याचे नाव होते, आणि वर्गाने त्यास आपला अध्यक्ष निवडले होते. उंची सहा फुटांहून अधिक, अंगलट भरदार, केस सोनेरी, बोलणे मोजके. त्या काळी धंदेवाईक बेसबॉल खेळणारे लोक बहुतेक खाणींतून व गिरण्यांतून आलेले, शिवराळ व भांडखोर अशी त्यांची ख्याती होती. कॉलेजात शिकलेला तरुण त्या मंडळींत जातो म्हटल्यावर सभ्य घरांत नाके मुरडली जात असत.

1899 च्या उन्हाळी सुट्टीत तो मॅसॅच्युसेट्समधील टॉंटन गावच्या संघाकडून खेळला. तेथे यश आले नाही, आणि ठरलेला पगारही पुरता हाती पडला नाही. परंतु तेथून तो रिकाम्या हाताने परतला नाही. एका डावखुऱ्या सोबत्यास एक चमत्कारिक चेंडू फेकता येत असे. तो त्याने पाहिला, आणि आपल्या उजव्या हातास त्याची सवय लावण्याचा ध्यास घेतला. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू सामान्यतः उजवखुऱ्या फलंदाजापासून दूर जातो. हा चेंडू उलट त्याच्या अंगाकडे वळून खाली पडे, आणि डावखुऱ्यापासून दूर निसटे. त्यासाठी मनगट आतल्या अंगास पिळावे लागे व दंडास विलक्षण ताण पडे. म्हणून एका सामन्यात तो मोजक्याच वेळा फेकणे शहाणपणाचे असे. पुढे हा चेंडू 'फेडअवे' या नावाने सर्व अमेरिकेत गाजला. योगायोग असा की, त्याच सुमारास इंग्लंडात बोसांक्वे नावाचा गोलंदाज आपल्या क्रिकेटमध्ये 'गुगली' आणीत होता.

1900 च्या उन्हाळ्यात तो व्हर्जिनियातील नॉर्फोक संघात गेला. तेथे त्याने वीस सामने जिंकले व दोनच गमावले. एवढ्यावर न्यूयॉर्क जायंट्सने त्यास पंधराशे डॉलरच्या बोलीवर मागवून घेतले. वीस वर्षेही पुरी न झालेला हा मुलगा जुलै महिन्यात त्या अफाट शहरात येऊन दाखल झाला, आणि सपशेल अपयशी ठरला. सहा सामन्यांत तो उतरला. विजय एकही नाही, पराभव तीन. खेड्यापाड्यांतील फलंदाजांना जो वळणारा चेंडू दिसेनासा होत असे, तो येथील कसलेल्या फलंदाजांनी वाटेल तसा झोडपला. जायंट्सच्या चालकांनी पंधराशे डॉलर वाचविले आणि त्यास नॉर्फोककडे परत पाठविले.

यानंतरची गोष्ट मोठी मौजेची आहे. सिनसिनाटीच्या संघाने नियमानुसार अवघे शंभर डॉलर भरून या परत आलेल्या मालावर आपला हक्क सांगितला, आणि डिसेंबर 1900 मध्ये तोच माल न्यूयॉर्कला देऊन मोबदल्यात अमॉस रूसी हा नामांकित पिचर घेतला. रूसीचा एके काळी मोठा दरारा होता. परंतु दोन वर्षे तो खेळलाच नव्हता, आणि त्याचा हात निकामी झालेला होता. सिनसिनाटीकडून तो तीन सामने खेळला व एकही न जिंकता निवृत्त झाला. बेसबॉलच्या बाजारात इतका आतबट्ट्याचा व्यवहार क्वचितच झाला असेल.

अशा रीतीने 1901 च्या वसंतात मॅथ्यूसन पुन्हा न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर उभा राहिला. याच वर्षी अमेरिकन लीग नावाची नवी संस्था जुन्या नॅशनल लीगशी बरोबरीचा दावा सांगू लागली होती, व जास्त पगाराच्या आशेने पुष्कळ चांगले खेळाडू तिकडे जात होते. जायंट्सचा संघ दुबळा होता, आणि संघाचे मालक इतर मालकांशी भांडण्यात गढलेले होते. एखाद्या होतकरू मुलाने येथे नाव काढावे अशी ती जागा नव्हती.

तरी पण 15 जुलै 1901 रोजी सेंट लुईस येथे त्याने जे केले ते पाहा. एकविसावा वाढदिवस अजून महिन्याभरावर होता. मध्य अमेरिकेतील जुलैचा उन्हाळा, मैदान परक्यांचे, प्रेक्षक परक्यांचे. सेंट लुईसचे फलंदाज एकामागून एक आले. नऊ डावांत त्यांच्यापैकी एकासही टोल्याच्या बळावर पहिल्या बेसपर्यंत पोहोचता आले नाही. न्यूयॉर्कने सामना पाच विरुद्ध शून्य असा जिंकला. चांगल्या चांगल्या पिचरांना सबंध आयुष्यात असा सामना एकदाही साधत नाही. याला तो पहिल्याच पुऱ्या वर्षी साधला, आणि तोही सातव्या क्रमांकाच्या संघात राहून.

वर्षाअखेर त्याच्या नावावर वीस विजय व सतरा पराभव होते. वरवर पाहणाऱ्यास हे आकडे साधारणच वाटतील. परंतु आमच्या गणिताची आवड असणाऱ्या वाचकांनी येथे जरा पाटी पुढे ओढावी. जायंट्सने त्या वर्षी 52 सामने जिंकले, 85 हरले. त्यांतून मॅथ्यूसनचे वीस व सतरा वजा करा. उरले बत्तीस विजय व अडुसष्ट पराभव, म्हणजे बरोबर शंभर सामने. तो नसताना जो संघ शंभरांत बत्तीस सामने जिंकत होता, तोच संघ, तेच झेल सोडणारे हात व त्याच चुकणाऱ्या बॅटी घेऊन, त्याच्या मागे उभा राहिला म्हणजे अर्ध्याहून अधिक सामने जिंकत होता. तो एकंदर 40 सामन्यांत उतरला, त्यांपैकी 36 त्याने एकट्याने शेवटपर्यंत रेटले. 336 डाव फेकले. 221 फलंदाजांस तीन वेळा चुकवून बाद केले. प्रतिपक्षास एकही धाव न देता त्याने पाच सामने जिंकले.

न्यायाने बोलावयाचे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजूला गेलेला टोला पहिल्या दोन चुकांत धरावा, हा नियम नॅशनल लीगने याच वर्षी सुरू केला, व त्याचा फायदा सर्वच पिचरांस मिळाला. परंतु नियम सर्वांस सारखा होता, आणि 221 चा आकडा सर्वांस गाठता आला नाही. सबंध लीगमध्ये एकच जण त्याच्या पुढे होता.

या वर्षाची हकीकत सांगताना दुसऱ्या एका तरुणास विसरणे योग्य होणार नाही. ल्यूथर टेलर हा जायंट्सचा दुसरा पिचर जन्मापासून बहिरा व मुका होता. त्याचेही हे पहिलेच पुरे वर्ष. त्याने अठरा सामने जिंकले, आणि त्याच्या नावावर सत्तावीस पराभव लिहिले गेले. लीगमध्ये त्या वर्षी सर्वांत अधिक तेच होते. प्रेक्षकांचा धिक्कार त्यास ऐकू येत नव्हता ही दैवाची कृपा म्हणावी की काय, हे आम्हांस समजत नाही. संघाच्या 52 विजयांपैकी 38 या दोन नवख्या तरुणांनी मिळवून दिले होते. पुढे संघातील बहुतेक सोबत्यांनी टेलरशी बोलता यावे म्हणून बोटांची भाषा शिकून घेतली. खेळाच्या इतिहासात अशा गोष्टींना दोन ओळींची जागा मिळते. आम्हांस ती थोडी वाटते.

पुढच्या वर्षी, 1902 मध्ये, जायंट्स आणखी घसरून अगदी तळास गेले. मॅथ्यूसनचे विजय चौदावर आले. अशा पडत्या काळात चालकांचे डोके कसे फिरते पाहा! एवढ्या पिचरास त्यांनी काही सामन्यांत पहिल्या बेसवर नेऊन उभे केले. एखाद्या उत्तम गोलंदाजास यष्टीमागे बसवावे तसाच हा प्रकार होता. जुलै महिन्यात बाल्टिमोरहून जॉन मॅग्रॉ हा नवा व्यवस्थापक आला आणि मॅथ्यूसन पुन्हा चेंडू फेकू लागला. मॅग्रॉ ठेंगणा, तापट, पंचांशी हमरीतुमरीवर येणारा. मॅथ्यूसन उंच, शांत, हिशेबी. स्वभावाने इतके भिन्न असे हे दोघे आयुष्यभराचे मित्र झाले. 1903 साली मॅथ्यूसनचे लग्न लुईसबर्गच्या जेन स्टाउटन हिच्याशी झाले, तेव्हा ही दोन जोडपी न्यूयॉर्कमध्ये एकाच बिऱ्हाडात राहिली.

येथून पुढील भरभराटीची वर्षे आम्ही झपाट्याने सांगतो, कारण ती सांगणारे पुष्कळ आहेत. 1903, 1904 व 1905 या तिन्ही वर्षी त्याने प्रत्येकी तीस किंवा अधिक सामने जिंकले. 1905 च्या अजिंक्यपदाच्या वर्ल्ड सिरीजमध्ये 9, 12 व 14 ऑक्टोबर असे तीन सामने त्याने फिलाडेल्फियाविरुद्ध फेकले. सत्तावीस डावांत एकही धाव दिली नाही. सहा दिवसांत तीन सामने! 1908 साली 37 विजय. 1913 साली तर एकाही फलंदाजास फुकट पहिला बेस न देता त्याने सलग 68 डाव फेकले.

रविवारी मैदानात उतरणार नाही, असे वचन त्याने आईस दिले होते व ते पाळले. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी रविवारच्या सामन्यांस कायद्यानेच बंदी होती, त्यामुळे तेथे प्रश्न येत नसे. परंतु शिकागो, सेंट लुईस, सिनसिनाटी येथे रविवारी मैदाने फुलत, आणि तेथे न्यूयॉर्कचा उत्तम पिचर बाकावर बसे. मॅग्रॉसारखा तापट मनुष्यही त्यास यासाठी कधी आग्रह करीत नसे. यावरून कोणी त्यास संत समजू नये. तो धूम्रपान करी, पत्त्यांवर पैसे लावी, आणि अनोळखी लोकांशी फटकून वागे. वर्तमानपत्रांनी त्याचे जे चित्र रंगविले, त्याचे त्यासही कधी कधी ओझे होत असावे असे आम्हांस वाटते.

त्याच्या पराभवांची हकीकत विजयांपेक्षा मोठी आहे. 1908 च्या सप्टेंबरात शिकागोविरुद्धच्या सामन्यात जायंट्सचा फ्रेड मर्कल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा सामना संपला असे समजून दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच परत फिरला. विजय हातचा गेला, सामना बरोबरीत धरला गेला. हंगामाच्या शेवटी दोन्ही संघ सारखे ठरले, आणि 8 ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळविण्यात आला. वर्षभर 390 डाव फेकून थकलेला हात घेऊन मॅथ्यूसन उतरला व चार विरुद्ध दोन असा हरला. सारे शहर मर्कलला बोल लावीत होते. मॅग्रॉने त्यास काढून टाकले नाही; पुढे कित्येक वर्षे मर्कल त्याच संघात, मॅथ्यूसनच्याच पाठीशी, खेळत राहिला.

1912 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तर दैवाने कमाल केली. मॅथ्यूसनने तीन सामने फेकले व प्रतिपक्षास धावा अगदी थोड्या मिळू दिल्या. तरी एक सामना अंधार पडल्यामुळे बरोबरीत राहिला, आणि दोन गेले. बोस्टनमधील अखेरच्या सामन्यात दहाव्या डावात न्यूयॉर्क एका धावेने पुढे होते. तोच स्नॉडग्रास या क्षेत्ररक्षकाच्या हातातून अगदी सोपा झेल निसटला. लगेच पुढचा अवघड झेल त्यानेच पळत जाऊन घेतला, ही गोष्ट मात्र कोणी ध्यानात ठेवली नाही. थोड्या वेळाने आणखी एक उंच उडालेला चेंडू तिघांच्या मध्ये जमिनीवर पडला. त्या तिघांत मॅथ्यूसन स्वतः होता. बोस्टनने दोन धावा काढून अजिंक्यपद घेतले. वहीत पराभव लिहिला गेला तो अर्थात पिचरच्या नावावर.

1916 च्या जुलैमध्ये तो सिनसिनाटीचा व्यवस्थापक होऊन गेला. ज्या संघाने त्यास सोळा वर्षांपूर्वी शंभर डॉलरला घेऊन सोडून दिले, तोच हा संघ. तेथे 1918 साली हॅल चेस या आपल्याच निष्णात खेळाडूवर, तो मुद्दाम वाईट खेळतो असा संशय येऊन, त्याने त्यास संघातून दूर केले. लीगने पुढे पुराव्याअभावी चेसला निर्दोष ठरविले. 1919 ची वर्ल्ड सिरीज चालू असता मॅथ्यूसन वृत्तपत्रकारांच्या कक्षात एका पत्रकाराशेजारी बसून संशयास्पद खेळाच्या खुणा करीत होता. ती सिरीज शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन हरली, हे वर्षाने उघडकीस आले.

या दोन घटनांच्या मध्ये तो युद्धावर जाऊन आला होता. अडतिसाव्या वर्षी, घरी बायको व मुलगा असता, तो सैन्याच्या विषारी वायूंविषयीच्या खात्यात कॅप्टन झाला. फ्रान्सला जाताना जहाजावर त्यास इन्फ्लुएंझाने गाठले. पुढे सरावाच्या वेळी खरा विषारी वायू त्याच्या छातीत गेला, असे त्याच खात्यातील टाय कॉब या प्रसिद्ध खेळाडूने नंतर सांगितले. त्याचा धाकटा भाऊ हेन्री, जो काही काळ जायंट्सकडूनच खेळला होता, तो 1917 मध्ये क्षयाने गेला होता. तोच रोग 1920 साली ख्रिस्टीच्या छातीत आढळला.

सारानाक लेक या डोंगरातील थंड गावी क्षयाचे रोगी हवापालटासाठी जात. तेथे प्रथम कित्येक महिने त्यास अंथरुणावरून हलण्याचीही बंदी होती. ज्या हाताने एका वर्षात 390 डाव फेकले, तो हात उचलण्यासही डॉक्टरांची परवानगी लागे. चेकर्स नावाच्या सोंगट्यांच्या खेळात तो पूर्वीपासून पटाईत होता, एकाच वेळी अनेकांशी खेळे. आता तोच एक खेळ उरला. हळूहळू थोडा आराम पडला. 1923 साली त्याने बोस्टन ब्रेव्ह्ज या संघाचे अध्यक्षपद स्वीकारले, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध. तो संघही हरणाराच होता.

7 ऑक्टोबर 1925 रोजी पिट्सबर्ग येथे त्या सालची वर्ल्ड सिरीज सुरू झाली. पहिला सामना वॉशिंग्टनच्या वॉल्टर जॉन्सनने जिंकून दिला. त्यानेही आपले पहिले वर्ष, 1907, तळाच्या संघात काढले होते. त्याच दिवशी रात्री सारानाक लेक येथे मॅथ्यूसनने प्राण सोडला. वय अवघे पंचेचाळीस. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गच्या मैदानावरील निशाण अर्ध्यावर उतरविले होते. दोन्ही संघांचे खेळाडू दंडास काळ्या फिती बांधून मैदानात आले, आणि सामना ठरल्या वेळी सुरू झाला.

त्याचे दफन लुईसबर्ग येथे, त्याच्या विद्यापीठाच्या शेजारीच झाले. 1936 साली बेसबॉलच्या सन्मानमंदिरासाठी पहिले पाच खेळाडू निवडण्यात आले, तेव्हा कॉब, रूथ, वॅग्नर व जॉन्सन यांच्याबरोबर पाचवे नाव त्याचे होते. त्या पाचांपैकी त्या वेळी हयात नसलेला असा तो एकटाच होता.